आजचं चिंतन : गीता १८.३० – गुरुजींची वॅगन आर



अठरावा अध्याय चालू आहे. कालपर्यंत कर्ता झाला, आज बुद्धी. श्लोक ३०, ३१ आणि ३२ मध्ये भगवंत बुद्धीचे तीन प्रकार सांगतात. सात्त्विक बुद्धी कोणती? कुठे पुढे जायचं आणि कुठे मागे फिरायचं, काय करायचं आणि काय नाही, कशाला भ्यायचं आणि कशाला नाही, कशाने आपण बांधले जातो आणि कशाने सुटतो, हे जिला नीट कळतं ती. अर्थ तुम्हाला पाठ असेल. मलाही पाठ होता. पण गेल्या रविवारी कोरपन्याला एक जुनी गाडी बघायला गेलो आणि यातला ‘भय-अभय’ हा शब्द मी आजवर नुसता वाचत होतो हे समजलं.

(गाडी म्हटलं की कठोपनिषदातला रथ आठवतो. शरीर रथ, बुद्धी सारथी, मन लगाम. तो राहू द्या, आज खरीच गाडी आहे.)

आईचं डायलिसिस चालू आहे, आठवड्यातून दोनदा, चंद्रपूरला. कोरपना, गडचांदूर, राजुरा, मग वर्धा नदीचा पूल, बल्लारपूर आणि चंद्रपूर. पन्नास-साठ किलोमीटर, पण रस्ता सिमेंटच्या आणि कोळशाच्या ट्रकांचा. जाताना एसटी चालते. येताना आईच्या अंगात बसायचंही बळ नसतं, तिथे बस बदलणार कोण? म्हणून गाडी भाड्याने करतो. एका फेरीला दोन-अडीच हजार. महिन्याचे वीस हजाराच्या आसपास. माझं पुण्यातल्या फ्लॅटचं कर्ज अजून तेरा वर्षं आहे, त्यामुळे नवी गाडी शक्य नाही.

बाबा एसटीत ड्रायव्हर होते. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, लायसन्स चालू आहे, नजर तपासून झाली आहे. ऑटोमॅटिक घ्या म्हटलं तर म्हणाले, “ते आपोआप गिअर टाकते, मंग मी काय करू?” म्हणजे मॅन्युअल, छोटी, पेट्रोल, आणि जिचं काम गडचांदूरचा कुठलाही मिस्त्री करू शकेल अशी. शोध तिथेच संपतो, नाही का? गावातल्याच एका निवृत्त गुरुजींची २०१२ ची वॅगन आर विकायची होती. एमएच-३४, पहिला मालक, ७८ हजार किलोमीटर. त्यांनी १ लाख ६५ हजार सांगितले.

मी काय केलं असेल ते तुम्ही ओळखलंच. एक्सेल उघडलं. गाडीची किंमत, विमा, टायर, सर्व्हिसिंग, भाड्याच्या फेऱ्यांशी तुलना. नोंदणी पंधरा वर्षांची, म्हणजे २०२७ ला आरटीओत तपासणी करून पाच वर्षांसाठी नूतनीकरण, त्याची फी २०२२ पासून ५ हजार, वर हरित कर. (दहा-पंधरा वर्षांच्या गाड्या बंद, ही भीती आमच्याकडेही पसरली आहे. तो नियम दिल्ली आणि आसपासचा आहे, आपला नाही.) पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल येतं आणि २०१२ ची गाडी त्यासाठी बनलेली नाही, म्हणून मायलेज थोडं कमी धरलं आणि रबरी पाइप बदलायला पैसे ठेवले. सगळी भीती आकड्यात बसवली. शीट हिरवी झाली. छान वाटलं.

त्याआधी एका ठिकाणी दुसरी एक गाडी बघितली होती. इंजिन पॉलिश केल्यासारखं चकचकीत, मीटरवर ३८ हजार. बाबांनी बोनेटकडे पाहिलंच नाही, खाली वाकून ब्रेकच्या पेडलचं रबर पाहिलं. झिजून गुळगुळीत. परत येताना एवढंच बोलले, “अडतीस हजारात इतकं झिजत नाही.”

गुरुजींकडे सकाळी सातला गेलो. बाबांनी आधी बोनेटला हात लावला, थंड आहे ना बघायला. गरम इंजिन सगळ्यांचंच लगेच सुरू होतं. तेलाचं झाकण काढून आतून पाहिलं, पांढरा चिकट थर नाही ना. मॅट उचलून वास घेतला, कारण आमच्या भागात पुराचं पाणी कुठल्या गाडीत शिरलंय ते कोणी सांगत नाही. मग हँडब्रेक ओढला, तिसरा गिअर टाकला आणि क्लच हळूहळू सोडला. इंजिन लगेच बंद पडायला हवं होतं. ते थोडं रेंगाळलं, मग बंद पडलं.

बाबा काही बोलायच्या आत गुरुजीच म्हणाले, “भाऊ, क्लच प्लेट गेली हाय. वर्षभर काढन, पन चढावर वास येते. आन् डाव्या दाराले मागं ट्रकनं घासलं होतं, ते रंगवलं हाय. सांगतलेलं बरं.”

इथे माझी बुद्धी कामाला लागली. मी म्हणालो, क्लच गेलाय, दार रंगवलंय, नोंदणी संपत आलीय, गाडी ई-२० ची नाही, तर १ लाख ४० ला द्या. बोललेला एकही शब्द खोटा नव्हता. गुरुजी गप्प झाले. मग म्हणाले, “विचार करून सांगतो.” त्यांच्या बायकोने चहा आणला होता, तो प्यायलो आणि निघालो.

वॅगन आरचा क्लच सेट मजुरीसकट सात-आठ हजारात होतो. हे मला माहीत होतं, शीटमध्ये होतं. मी पंचवीस हजार पाडले, आणि ते कुठल्या जोरावर? त्यांनी स्वतःहून सांगितलेल्या गोष्टीच्या. त्या चकचकीत गाडीवाल्याशी मी फक्त पाच हजारांची घासाघीस केली होती, कारण त्याने काही सांगितलंच नव्हतं. म्हणजे खोटं बोलणाऱ्याला माझ्या हिशेबात बक्षीस होतं आणि खरं बोलणाऱ्याला दंड.

बाबांनी घरी येईपर्यंत काही म्हटलं नाही. चप्पल काढताना म्हणाले, “त्यांनी सांगतलं नसतं त मले क्लच समजलाच असता. पन मंग त्यांच्यावर इश्वास ठेवला नसता आपन.”

रात्री वाचायला बसलो तर हाच श्लोक. पुढचाही वाचला, ३१ वा. त्यात राजस बुद्धीबद्दल एक शब्द आहे, ‘अयथावत्’. जसं आहे तसं नाही. भगवंत असं म्हणत नाहीत की राजस बुद्धीला काही कळतच नाही. उलटं कळणं हे पुढच्या श्लोकातल्या तामस बुद्धीचं. राजस बुद्धीला कळतं, पण किंचित तिरकं. क्लच खराब आहे, बरोबर. म्हणून पंचवीस हजार, तिरकं. आपल्यासारख्या शिकलेल्या माणसांचा बहुतेक घोळ इथेच होतो असं मला वाटतं. आपण खोटं फारसं बोलत नाही, खऱ्याला आपल्या बाजूला कलतं करतो.

मग ‘भय-अभय’वर थांबलो. मला कशाची भीती होती? पैसे जास्त जातील. मित्र म्हणतील तेरा वर्षांची गाडी घेतली. २०२७ ला आरटीओची कटकट. या सगळ्याला शीटमध्ये रकाना होता. ज्याला खरंच भ्यायला हवं त्याला मात्र नव्हता. या गाडीत एअरबॅग नाहीत, एबीएस नाही. आपल्याकडे एबीएस आणि ड्रायव्हरची एअरबॅग सगळ्या नव्या कारना सक्तीची झाली २०१९ मध्ये. आणि समोरून येणार सिमेंटचे ट्रक, चालवणार चौसष्ट वर्षांचे बाबा, मागे थकलेली आई. मी आठ हजाराच्या क्लचला भ्यालो आणि याला भ्यालो नाही.

हे दिसल्यावर एक क्षण वाटलं, नकोच. पण मग पर्याय तरी काय? भाड्याच्या ज्या गाड्या येतात त्यातही हेच सगळं असतं, वर ड्रायव्हर रात्रभर जागलेला. भय ओळखायचं म्हणजे पळायचं असं श्लोक म्हणत नाही. ओळखलं की निदान त्याची व्यवस्था करता येते. आम्ही दोघांनी बसून ठरवलं : टायर चारही नवे, आधी ब्रेकचं काम, मागच्या सीटवरही बेल्ट, वेग साठच्या आत, अंधार पडायच्या आत घरी. पावसाळ्यात राजुरा-बल्लारपूरचा पूल पाण्याखाली गेला तर कुठलीच गाडी उपयोगाची नाही, त्या दिवसांत आईला आधीच चंद्रपूरला मावशीकडे ठेवायचं. रात्री-अपरात्री १०८.

सोमवारी गुरुजींना फोन केला. म्हटलं, गुरुजी, चुकलो. क्लचचे आठ हजार वजा करून १ लाख ५७ देतो. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “तुझ्याच शीटमधले आकडे सांगून राहिला ना बाबू?” मी हो म्हटलं. ते हसले की नाही ते फोनवर कळलं नाही. त्यांची एक अट आहे. गाडी नावावर चढवायला उशीर करायचा नाही. बरोबर आहे त्यांचं. आरसीवर ज्याचं नाव, अपघाताची भरपाई त्याच्या अंगावर येते, सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये हे स्पष्ट केलं आहे. म्हणजे भीती त्यांनाही होती, आणि ती खरी होती. माझ्या शीटमध्ये तिलाही रकाना नव्हता.

फॉर्म २९ आणि ३० वर सह्या शुक्रवारी. त्या दिवशी आईचं डायलिसिस नसतं, म्हणून तीही येते म्हणाली. तिला गाडीचा रंग बघायचा आहे, तो अजून तिला कोणी सांगितलेलाच नाही.

उद्या श्लोक ३१. राम कृष्ण हरी.