खुर्चीवरचा ढीग

गिरगावातल्या एका चाळीत चौघांचं बिऱ्हाड होतं. दोन खोल्या, एक कपाट आणि एक लाकडी खुर्ची. त्या खुर्चीवर कुणी बसल्याचं मात्र कुणालाच आठवत नव्हतं. गॅलरीतल्या दोरीवरून काढलेले कपडे तिच्यावर येऊन पडत. ‘रविवारी घड्या घालू’ असं सगळेच म्हणत. रविवार यायचा, जायचा. ढीग तेवढा वाढायचा.

जुलैतल्या एका सकाळी धाकट्याला शाळेचा सदरा सापडेना. अखेर ढिगाच्या तळाशी मिळाला. धुतलेला खरा, पण चुरगळलेला आणि कुबट वासाचा.

तेवढ्यात परीटकाका कपडे घेऊन दारात आले. आई ‘बसा ना’ म्हणाली आणि खुर्चीकडे बघून तिने जीभ चावली. काका उंबऱ्याशीच टेकले.

“काका, तुमच्याकडे इतक्या घरांचे कपडे येतात. मिसळत कसे नाहीत?” थोरलीने विचारलं.

काकांनी सोलापुरी चादरीचा कोपरा उलटून दाखवला. तिथे तांदळाएवढी काळी खूण होती. “ही बिब्ब्याची. कितीही धुवा, जात नाही. आधी खूण, मग पाणी. आणि वाळला, की कपडा दोरीवरून थेट ज्याच्या त्याच्या गठ्ठ्यात. मध्ये कुठे टेकवायचा नाही. टेकला, की तो ढिगाचा झाला!”

त्या दिवशी ढीग उपसण्यात अख्खी संध्याकाळ गेली. कपाटात चौघांचे चार कप्पे ठरले. दुसऱ्या दिवसापासून दिवेलागणीच्या आधी आई चिमटे काढी, थोरली उभ्या उभ्या घडी घाली, दमट लागेल ते बाबा पुन्हा दोरीवर टाकत. मोजे वाळत घालतानाच जोडीने एका चिमट्यात. म्हणजे शोधाशोध नको. मग जो तो आपला गठ्ठा आपल्या कप्प्यात ठेवी. चहाला उकळी येईपर्यंत काम हातावेगळं.

चौथ्या दिवशी बाबांनी सवयीने एक शर्ट खुर्चीवर टाकला. धाकटा ओरडला, “बाबा, टेकला!” बाबांनी हसत तो उचलला.

पुढच्या आठवड्यात परीटकाका आले. धाकट्याने खुर्ची पुढे सरकवली. काका बसले, तशी ती करकरली.

“सवय मोडलीय बिचारीची,” काका म्हणाले.

तात्पर्य : रोजचं काम रोज केलं तर घटकाभराचं, साठवलं तर डोंगराएवढं.