ऋषिऋण आणि सरकी

पौष अमावास्येस आदिलाबाद जिल्ह्यातील केस्लापूर येथे मेस्राम कुळाचे गोंड गोदावरीचे पाणी पायी आणून नागोबाची महापूजा करतात. आणि त्याच जत्रेत, मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ यांच्या पुढाकाराने निजामी अमदानीत सुरू झालेला दरबार भरतो, जेथे रयत आपल्या फिर्यादी अंमलदारांपुढे मांडते. देवतेच्या साक्षीने राज्यकर्त्यांकडे हिशेब मागण्याची ही प्रथा मला फार मोलाची वाटते, कारण विज्ञानविषयक राजधोरणाचा प्रश्नही मुळात ऋणाचाच, म्हणजे घेतल्याचा हिशेब देण्याचाच, प्रश्न आहे.

ऋषिऋण, म्हणजे ज्ञान देणाऱ्या ऋषींचे ऋण, अध्ययन-अध्यापनाने, म्हणजे घेतलेले ज्ञान पुढे देऊनच, फिटते असे आपल्या परंपरेने मानले. बियाण्यातले ज्ञानही असेच पुढे देता यायला हवे; पण आता या जिल्ह्याच्या काळ्या रानातील कपाशी पाहा. 2002 साली बोंडअळीस मारक विष स्वतःच तयार करणाऱ्या बीटी वाणांस परवानगी मिळाली. आरंभी हिरव्या बोंडअळीचा उपद्रव ओसरला, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. परंतु पुढे गुलाबी बोंडअळी ते विष पचवू लागली, आणि संकरित वाणाची सरकी राखून पेरल्यास पीक एकसारखे येत नसल्यामुळे दरसाल बियाण्याचे पाकीट विकत घेणे कुणब्याच्या नशिबी आले. 2001 च्या पीकवाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्यास बियाणे राखण्याचा, पेरण्याचा व देवाणघेवाणीचा हक्क दिला आहे खरा. पण जे बीज राखण्याजोगेच नाही, त्यावर तो हक्क कसा बजावावा?

संशोधनास माझा विरोध नाही. उलट ते वाढावे, अशीच माझी तळमळ आहे. मात्र सरकारी खजिन्यातील पैसा आधी ज्यांचे बी राखून पेरता येते अशा सरळ, देशी वाणांकडे वळावा, आणि कोणत्या किडीवर संशोधन व्हावे हे ठरविताना कोरडवाहू शेतकऱ्यास व कापूस वेचणाऱ्या गोंड स्त्रीस विद्वानांच्या बरोबरीने मत असावे.