फुरसत आणि रिकामपण

यंत्रांनीं मनुष्यजातीस जीं अनेक अभिवचनें दिलीं, त्यांत संपत्तीच्या खालोखाल मोठें अभिवचन फुरसतीचें होय. धोटा आपोआप विणूं लागता तर धन्यास दासांची गरज उरली नसती, असें ॲरिस्टॉटलनें दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीं लिहून ठेविलें. १९३० सालीं केन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञानें तर असें भाकीत केलें कीं, शंभर वर्षांच्या आंत मनुष्यास आठवड्यांतून पंधरा तासांचें काम पुरेल. तीं शंभर वर्षें आतां भरत आलीं आहेत. यंत्रें मात्र केन्सच्या कल्पनेंतहि नसतील इतकीं आलीं. आणि तरीहि जो भेटेल तो एक तर वेळ नसल्याची तक्रार करतो, नाहीं तर काम नसल्याची. या दोन तक्रारी एकाच काळीं, एकाच गांवांत कशा ऐकूं याव्या, याचा विचार येथें कर्तव्य आहे.

या प्रश्नाची चर्चा बहुधा शहरांतील कचेऱ्या व कारखाने डोळ्यांपुढें ठेवून होते. आम्ही ती परभणी जिल्ह्यांतील पालम तालुका डोळ्यांपुढें ठेवून करूं इच्छितों. गोदावरीकांठचा हा काळ्या जमिनीचा मुलूख. कापूस, सोयाबीन, तूर, ज्वारी हीं येथलीं पिकें. आणि मजुरी हें अनेक घरांचें एकुलतें एक पीक. येथें यंत्र आणि मनुष्य समोरासमोर उभीं असतात, म्हणून हिशेबहि स्पष्ट दिसतो.

प्रथम दळणाचें उदाहरण घेऊं. पालमच्या शेजारचें गंगाखेड हें संत जनाबाईचें जन्मस्थान. तिच्या दळणकांडणास प्रत्यक्ष विठ्ठलानें हात लाविला, ही कथा महाराष्ट्रांत घरोघर ठाऊक आहे. ती कथा भक्तीची आहे खरीच. पण दळण्याचे कष्ट एकटीनें निभण्याजोगे नव्हते, अशी साक्षहि तींत आहे. पुढें गांवोगांव पिठाची गिरणी आली आणि पहाटेचें जातें थांबलें. जात्याबरोबर ओव्या गेल्या म्हणून हळहळणारे रसिक आम्हीं पाहिले आहेत; त्यांतील बहुतेकांनीं स्वतः कधीं दळलें नव्हतें. जातें ओढणारीचा वेळ तिचा स्वतःचा होता, तो वांचला आणि तिच्याच पदरांत पडला. हें यंत्राचें निर्भेळ पुण्य होय.

आतां दुसरें उदाहरण. सोयाबीन व कापूस यांच्या शेतांत पावसाळ्यांत तण माजतें. तें काढण्यासाठीं बायकांच्या टोळ्या दिवसदिवस वांकून खुरपीत. अलीकडे तणनाशकाची फवारणी आली. आठ-दहा बायकांचें दिवसभराचें काम एक मनुष्य पाठीवर पंप घेऊन थोड्या तासांत उरकतो. येथेंहि कष्ट वांचले, वेळ वांचला. पण तो पडला कोणाच्या पदरांत? खुरपणारीनें आपला वेळ मजुरीनें विकलेला होता. गिऱ्हाइकाला त्याची गरज उरली नाहीं, एवढाच तिच्यापुरता या शोधाचा अर्थ. गिरणीनें तिला फुरसत दिली, तणनाशकानें रिकामपण दिलें.

हे दोन शब्द आपण बोलतांना एकमेकांच्या जागीं सर्रास योजतों. वस्तुतः त्यांत जमीन-अस्मानाचें अंतर आहे. घड्याळाच्या दृष्टीनें दोन्ही म्हणजे कामाविणें गेलेले तासच. परंतु उद्यांच्या भाकरीची खात्री असतां लाभलेला मोकळा वेळ म्हणजे फुरसत. ती खात्री नसतां लादला गेलेला मोकळा वेळ म्हणजे रिकामपण. एकांत मनुष्य आपल्या वेळाचा धनी असतो. दुसऱ्यांत वेळ त्याच्या उरावर बसलेला असतो. याचा पुरावा पाहावयाचा असेल तर दसरा-दिवाळीनंतर मराठवाड्याच्या या भागांतून ऊसतोडीस जाणाऱ्या बिऱ्हाडांकडे पाहावें. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठीं नवराबायको मिळून एक कोयता म्हणून मोजलीं जातात आणि परमुलुखांतील फडांत पहांटेपासून राबतात. गांवीं ज्यांना काम नाहीं, त्यांना तेथें कामास मर्यादा नाहीं. रिकामपण आणि अतिश्रम हे एकमेकांचे शत्रु नसून सख्खे भाऊ आहेत.

कोणी म्हणेल कीं, विज्ञान पुढें जाऊं द्या, फुरसत हळूहळू सर्वांपर्यंत पाझरेल. इतिहासाची साक्ष याहून वेगळी आहे. मुंबईच्या गिरण्यांत एके काळीं कामाचा दिवस सूर्याच्या उदयास्तावर चाले. विसाव्या शतकाच्या आरंभीं तेथें विजेचे दिवे लागले, आणि मजुराचा दिवस आंखडण्याऐवजीं चवदा-पंधरा तासांपर्यंत लांबला. १९११ च्या कायद्यानें कापडगिरण्यांतील पुरुषांस बारा तासांची मर्यादा घातली; पुढें उतरत उतरत १९४८ च्या कायद्यानें आठवड्याचे अठ्ठेचाळीस तास ठरले. रविवारची सुटी तरी कोणत्या शोधानें दिली? नारायण मेघाजी लोखंडे यांनीं १८८४ पासून गिरणीकामगारांस एकत्र करून ती मागितली आणि १८९० सालीं ती मिळाली. दिवा विज्ञानानें दिला. तो मालवून घरीं जाण्याची वेळ माणसांनीं मागून घेतली. शेतांतील मजुरास मात्र असा लोखंडे अद्याप भेटावयाचा आहे.

मग यंत्रेंच नकोत काय? असा निष्कर्ष आम्ही काढीत नाहीं. भर पावसांत कंबर वांकवून चिखलांत खुरपणें यांत स्वतःसिद्ध असें कांहीं पुण्य नाहीं. श्रमाचें माहात्म्य गाणाऱ्यांनीं आठ दिवस तें करून पाहावें आणि मग गावें. जुन्या गांवाच्या स्मृतीवरहि विसंबतां येत नाहीं. सुगीनंतरचे सप्ताह, जत्रा, कुस्त्यांचे फड यांत मोकळ्या वेळाचा आनंद होता. पण गांवकीच्या कामाला आणि वेठीला ज्यांना केव्हांहि बोलावणें येई, त्यांच्या घरीं तो आनंद उष्ट्यासारखाच पोंचे. जातीनें कामें वांटलीं होतीं तशी फुरसतहि वांटली होती.

दोष फवारणी करणाऱ्या शेतकऱ्याचाहि म्हणतां येत नाहीं. पालमचा कोरडवाहू शेतकरी कर्जाच्या काठावर उभा असतो; मजुरीचे पैसे वांचविल्याविणें त्याचें पीक उभें राहत नाहीं. ज्या कृत्यांत कोणा एकाचा अपराध नाहीं, परंतु ज्याचें फळ दुसऱ्या कोणास तरी भोगावें लागतें, त्याची जबाबदारी समाजाची असते. हें तत्त्व महाराष्ट्रानें एकदां मान्य केलेलें आहे. १९७२ च्या दुष्काळानें हातांतील काम हिरावून घेतलें, तेव्हां मागेल त्याला काम देण्याची योजना राबली, आणि १९७७ सालीं त्या हमीचा कायदा झाला. पाऊस न पडल्यानें आलेलें रिकामपण जर सर्वांच्या शिरावरचें ऋण ठरतें, तर शोध लागल्यानें आलेलें रिकामपण एकट्या खुरपणारीच्या कपाळावर कां लिहावें? वांचलेल्या वेळांत सर्वांच्या विद्येचा वांटा आहे; त्याच्या नफ्यांतहि सर्वांचा वांटा असावयास पाहिजे.

घराच्या उंबरठ्याच्या आंतहि हाच हिशेब तपासावा लागतो. सरकारनें २०२४ सालीं केलेल्या कालविनियोगाच्या पाहणींत असें आढळलें कीं, बिनमोबदल्याचें घरकाम करणाऱ्या बायका त्यांत दिवसास सरासरी २८९ मिनिटें घालवितात, आणि तेंच काम करणारे पुरुष ८८ मिनिटें. गिरणी आली, नळ आला, गॅस आला. तरी घरच्या धन्याची फुरसत आणि धनिणीची फुरसत एकाच मापाची झाली नाहीं.

शेवटीं, हातीं आलेल्या फुरसतीचें करावयाचें काय, हाहि प्रश्न आहेच. आज ती बहुधा हातांतल्या मोबाइलच्या स्वाधीन होते आणि वांचलेला तास दुसऱ्याच कोणाच्या व्यापाराचा माल बनतो. याच परभणींत निजामी अमलांत, १९०१ सालीं, गणेश वाचनालय निघालें. मुभा थोडी होती आणि पुस्तकें दुर्मिळ होतीं, तेव्हां लोकांनीं आपली सायंकाळ तेथें खर्चण्याजोगी मानिली. परंतु रिकाम्या मनुष्यास वाचनाचा उपदेश करणें ही क्रूर थट्टा आहे. आधीं त्याचें रिकामपण फुरसतीच्या पदवीस पोंचलें पाहिजे.

म्हणून गांवांत नवें यंत्र आलें म्हणजे तें किती वेळ वांचवितें, एवढेंच विचारून आम्ही थांबूं नये. ज्याचा वेळ वांचला त्याची चूल त्या सायंकाळीं पेटली काय, हेंहि विचारावें. यंत्र विकणारा हा प्रश्न कधींच विचारणार नाहीं. तो विचारण्याचें काम, ज्यांच्या चुली निश्चित पेटणार आहेत, त्या आपणां सर्वांचें आहे.