१०८ पवित्र का?

आजचं चिंतन: गीता, अध्याय १०, श्लोक २५. सगळ्या यज्ञांमध्ये मी जपयज्ञ आहे, असं भगवंत इथे सांगतात.

जप म्हटलं की माळ आली, आणि माळ म्हटली की १०८. गणितातही ही संख्या खरंच गोड आहे. १ चा पहिला घात, २ चा दुसरा आणि ३ चा तिसरा यांचा गुणाकार म्हणजे १०८. अंकांची बेरीज ९, आणि ९ ने १०८ ला पूर्ण भाग जातो. अशा संख्यांना ‘हर्षद’ हे नाव देवळालीच्या द. रा. कापरेकर मास्तरांनी दिलं.

पण म्हणून १०८ पवित्र का? १२० सुद्धा हर्षद आहे, शिवाय तिला १६ विभाजक आहेत. १०८ ला १२ च. मग उद्यापासून १२० मणी ओवायचे का? नाही ना! गणित श्रद्धा नसलेल्यालाही तितकंच खरं असतं. श्रद्धेचा पुरावा त्याच्याकडे मागू नये.

माळेत संख्येचं काम साधं आहे. चाळिसाव्या मण्यालाच कंटाळा येतो, पण कुठे थांबायचं हे आपला मूड ठरवत नाही, मेरुमणी ठरवतो. मोजणं बोटांकडे, मन नामासाठी मोकळं.

आज एक माळ पूर्ण करूया. 🙏