पोलिसांना फोन करणे हा विश्वासघात आहे का?



वेदीसमोर आपण आजारपणातही साथ देण्याचे वचन देतो. कावीळ किंवा लकवा झाला तर ते कसे पाळायचे हे आपल्याला कळते. पण आजार मनाचा असेल तर? बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर या विकारात 'मला सगळे टाकून देतील' ही भीती माणसाला पोखरत असते. सकाळी देवमाणूस वाटणारा जोडीदार रात्री वैरी वाटतो. काही जण स्वतःला इजा करून घेतात, मरणाची भाषा करतात. आणि आपल्या यवतमाळ जिल्ह्यात शेतकऱ्याच्या घरी फवारणीचे औषध हाताशीच असते. (ते आजच दुसरीकडे हलवावे.)

अशा रात्री पोलिसांना बोलावणे म्हणजे आपल्याच माणसाला धरून देणे, असे अनेकांना वाटते. मला तसे वाटत नाही. जोडीदारामुळे आपल्या किंवा मुलांच्या जिवाला वा मनाला गंभीर धोका असेल तर वेगळे राहण्याचीही मुभा धर्मसभेचा कायदा देतो (१९८३, कलम ११५३). उशीर घातक ठरणार असेल तर बिशपांच्या आदेशाचीही वाट पाहावी लागत नाही. कारण मिटले की संसार पुन्हा जोडावा, हेही तेच कलम सांगते. मग एका फोनने वचन कसे मोडेल?

मोडते ते धमकीने. प्रत्येक भांडणात 'थांब, पोलिसांना बोलावते' किंवा 'बोलावतो' म्हणणे म्हणजे टाकले जाण्याच्या भीतीने आधीच अर्धमेल्या झालेल्या माणसाच्या जखमेवर मीठ चोळणे. फोन जीव वाचवण्यासाठी करावा, जिंकण्यासाठी नव्हे.

म्हणून ११२ वर फोन लागताच पहिल्यांदा सांगावे, 'माणूस मनाने आजारी आहे, दवाखान्यात न्यायचे आहे.' २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम १०० प्रमाणे, आजारामुळे स्वतःला किंवा इतरांना धोका असलेल्या व्यक्तीला पोलिसांनी संरक्षणात घेऊन २४ तासांच्या आत जवळच्या सरकारी दवाखान्यात न्यायचे असते. लॉकअपमध्ये ठेवता येत नाही. ठाण्यात कोणाला हे ठाऊक नसेल तर नम्रपणे, पण ठामपणे सांगावे. वेळ इतकी आली नसेल तर १४४१६ या टेलि-मानसच्या क्रमांकावर मराठीतही बोलता येते.

आणि गाडीत त्यांना एकटे पाठवू नये. जिवाला धोका नसेल तर स्वतः सोबत जावे, नाहीतर भावाला पाठवावे. दुसऱ्या दिवशी भेटायला जावे, घरचा डबा न्यावा. टाकून दिलेले नाही, हे त्या माणसाला तेव्हाच दिसते.