सोडून दिलेला मासा

कर्नाटकात कावेरीच्या काठी, भीमेश्वरीला, हौशी लोक महाशीर धरायला जात. रीत ठरलेली: गळाने धरायचा, फोटो काढायचा, परत पाण्यात सोडायचा. ऐकायला ही दयाच वाटते. पण मधला टप्पा जरा थांबून पाहा.

पाण्याबाहेर माशाच्या कल्ल्यांचे नाजूक पदर एकमेकांना चिकटतात, त्याचा श्वास कोंडतो. त्यात तो गळाशी झुंजून आधीच दमलेला. फर्ग्युसन आणि टफ्ट्स या संशोधकांनी 1992 साली दमवलेल्या रेनबो ट्राउट माशांची पाहणी प्रसिद्ध केली. पाण्यातच ठेवलेल्यांपैकी 12 टक्के मेले, मिनिटभर हवेत ठेवलेल्यांपैकी 72 टक्के. मिनिटभर म्हणजे किती? 'नीट धर, हस, अजून एक' म्हणेपर्यंत जातो तेवढा वेळ.

आता स्वतःला विचारा, ते मिनिट कोणासाठी होते? नदी तुम्ही पाहिली, मासाही पाहिला. फोटो इतरांना दाखवायचा, आणि त्यात मासा थोडा, 'मी धरला' जास्त. पोटासाठी जाळे टाकणाऱ्या कोळ्याला मी यात ओढत नाही. त्याचा प्रश्न वेगळा आहे.

फोटो काढूच नये असे नाही. हात ओले करा, कोरड्या हातांनी माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो. त्याला पाण्यातच धरा, सोबत्याचा कॅमेरा आधीच तयार असू द्या. आणि बटण दाबण्यापूर्वीच मासा निसटला, तर त्या क्षणी मनात काय उठते तेवढे पाहा.