पुरवणी

परीक्षेत पहिल्या तासाभरात पुरवणी मागणारा विद्यार्थी हुशार, अशी आपली जुनी समजूत. पर्यवेक्षक म्हणून फेऱ्या मारताना मीही वर्षानुवर्षं तीच बाळगली. वर्गात नेमके प्रश्न विचारणारा एक मुलगा शेवटच्या अर्ध्या तासातही मूळ उत्तरपत्रिकेतच अडकलेला दिसला, तेव्हा 'अभ्यास नाही' हा शेरा माझ्या मनात तयारच होता. त्याला डिस्लेक्सिया, म्हणजे वाचन-लेखनातली अडचण आहे, हे मला नंतर कळलं.

डिस्लेक्सिया म्हटलं की आपल्याला २००७च्या 'तारे जमीं पर'मधला छोटा ईशान आठवतो. ईशान मोठा होऊन कॉलेजात जाणार, हे मात्र ध्यानातच येत नाही. ही अडचण म्हणजे काही दुधाचे दात नव्हेत, पडून जायला.

मराठी माध्यमातून आलेल्यांची गोष्ट तर आणखी निराळी. देवनागरी बरीचशी लिहिली तशी वाचली जाते. वेलांटी चुकते, रफार भलत्याच अक्षरावर बसतो, पण पोर निभावून नेतं. 'अक्षर गचाळ', 'वाचन हळू' एवढ्यावर भागतं. मग विद्यापीठात जाडजूड इंग्रजी पुस्तकं समोर येतात. 'टफ', 'थ्रू' आणि 'दो' या तिन्ही शब्दांची शेवटची चार अक्षरं तीच, उच्चार मात्र तीन! इतकी वर्षं झाकलेलं इथे उघडं पडतं. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात संशोधक एराल्डो पाउलेसू आणि सहकाऱ्यांनी ब्रिटन, फ्रान्स आणि इटलीतले विद्यापीठातले विद्यार्थी तपासले. डिस्लेक्सिया असलेल्यांपैकी इटालियन मुलं अधिक अचूक वाचत होती, कारण त्यांचं स्पेलिंग सरळ. पण वाचताना मेंदूच्या डाव्या बाजूचा ठरावीक भाग तिन्ही देशांतल्या मुलांत सारखाच मंद होता.

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने डिस्लेक्सियासारखी विशिष्ट अध्ययन अक्षमता मान्य केली. २०१८च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी पात्र विद्यार्थ्याला लेखनिक आणि तासामागे किमान २० मिनिटं जादा वेळ दिला. याला आपण 'सवलत' म्हणतो. शब्दच खोडसाळ आहे. सवलत एसटीच्या तिकिटावर मिळते. पेपर तीन तासांचा का, याचं उत्तर विषयाच्या ज्ञानात नाही, आपल्या वेळापत्रकाच्या सोयीत आहे. तरी 'फुकटचे मार्क' हा टोमणा नको म्हणून कितीतरी मुलं प्रमाणपत्र बॅगेतच ठेवतात.

कायद्याबाहेरही पुष्कळ करता येतं. फोन आता मजकूर वाचून दाखवतो. त्याला वाचता येत नाही ती आमच्या नोट्सची झेरॉक्सची झेरॉक्स, तीही तिरकी आणि कडेला काळी पडलेली. प्राध्यापकांनी नोट्स टाइप करून दिल्या, तास रेकॉर्ड करू दिला, तर कोणाच्या खिशातून काय जातं?

त्या मुलाला निकालानंतर मी पेपरातलाच एक प्रश्न तोंडी विचारला. पेपरात त्याने तीन ओळी लिहिल्या होत्या. माझ्यासमोर तो वीस मिनिटं बोलला, आणि मला न सुचलेला एक मुद्दाही सांगून गेला. मार्क मात्र तोवर लागून गेले होते, तीन ओळींचेच.